फेर्माता

हे-रिन सोलहून आली आहे.
नापोलीच्या संगीतशाळेत आम्ही एकाच बाकावर.
तिच्या वहीत माझ्या भाषेचे चाळीस शब्द,
लाल शाईने अधोरेखित,
आणि त्यातला एकही पाव विकत घ्यायला उपयोगाचा नाही.

"मोस्सो म्हणजे? पुस्तकात लिहिलंय, गतिमान."
मी म्हणते, समुद्र.
बंदरावर पाटी लागते ना, आज समुद्र मोस्सो,
बोटी सुटणार नाहीत. तसं.
"आणि पियानो?"
हळू. मजला. सपाट.
आजी एर्सीलिया ओंडका घेऊन जिना उतरते
तेव्हा आजोबा खालून ओरडतात, ते.
तिने सगळे अर्थ लिहून घेतले,
मग एक ठेवून बाकीचे खोडले.
परीक्षेत एकच विचारतात.

डिसेंबरात तिला घरी नेलं, मोलीझेच्या डोंगरात.
आजोबा क्विरीनो तिथे झाम्पोन्या बनवतात:
बकरीचं अख्खं कातडं, उलटं केलेलं, केस आत,
मानेच्या जागी लाकडी ठोकळा,
ठोकळ्यात ऑलिव्हच्या चार नळ्या.
फुंकायचं पुढच्या पायातून.
हे-रिनने कातडं बोटाने चाचपलं.
"हिला नाव होतं?"
"होतं," आजोबा म्हणाले,
आणि कानस घासत राहिले.

नाताळाआधीचे नऊ दिवस ते नापोलीत दारोदार वाजवायचे,
ते आणि बेरार्दीनो.
आजोबांनी सूर धरून ठेवायचा,
बेरार्दीनोच्या चारामेल्लाने त्यावरून चालत जायचं,
कपडे वाळत घातलेल्या दोरीवरून
चिमणी जाते तसं, कुठलाच शर्ट न हलवता.
गेल्या वसंतात बेरार्दीनो गेला.
पोस्टात, पेन्शनच्या रांगेत, नंबराची चिठ्ठी मुठीत.
रांगेला आम्ही कोदा म्हणतो. शेपटालाही.
रचनेच्या शेवटच्या तुकड्यालाही.
हा शब्द तिच्या वहीत आहे.
मी त्याबद्दल काही बोलले नाही.

रात्री जेवताना रुबातो निघाला.
"चोरलेला?" आजोबांनी चमचा खाली ठेवला. "काय चोरलं?"
वेळ, मी सांगितलं. एका सुराचा थोडा घ्यायचा,
पुढच्याला परत द्यायचा.
"परत देतात?
मग ती चोरी कसली, उसनवारी."
आणि आजीच्या ताटातला चीजचा तुकडा
तिच्या देखत उचलला.

पहाटे चौकात बसची वाट पाहत उभे आम्ही तिघं.
खांबावर गंजलेली पाटी: फेर्माता.
हे-रिन इतकी हसली की तिला उचकी लागली.
काचेवरच्या दहिवरात तिने बोटाने काढलं ते चिन्ह,
एक कमान, खाली ठिपका.
आम्ही त्याला मुकुट म्हणतो, मी म्हणाले,
फेर्माता हे नाव बाहेर जास्त चालतं.
"इथे किती वेळ थांबायचं?"
पुस्तक म्हणतं, वाजवणाऱ्याच्या मर्जीने.
"इथे ड्रायव्हरच्या," आजोबा म्हणाले,
आणि थंडीने कातडं आखडू नये म्हणून
पिशवी काखेत घेऊन फुंकू लागले.

नुसता धरलेला सूर. वर कोणी नाही.
मध्येच त्यांनी ओठ काढले,
कोपराने पिशवी दाबत राहिले,
सूर तुटला नाही.
"इथे तो आत यायचा," ते म्हणाले,
आणि जागा सोडली. आठ मात्रा.
हे-रिनची बोटं गुडघ्यावर मोजत होती, मी पाहिलं.
नववीला त्यांनी पुन्हा ओठ लावले.
वळणावर बसचे दिवे दिसले तरी थांबले नाहीत.
ड्रायव्हरने दार उघडलं, इंजिन बंद केलं,
सिगारेट काढली, पेटवली नाही.

बसमध्ये पिशवी आजोबांच्या मांडीवर.
आत हवा उरली होती.
प्रत्येक घाटवळणाला ती थोडीशी बोलायची,
खालच्या पट्टीत, ओलसर.
पुढच्या सीटवरची बाई तिसऱ्यांदा मागे वळली,
तेव्हा आजोबांनी टोपी काढली.
"मी नाही, बाई," ते म्हणाले. "मोरेत्ता."

हे-रिनने वही उघडली, लिहिलं.
अर्थ विचारला नाही.